सोळा वर्षं कुणाला परवडतात?

भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झालं, फराळ झाला आणि मी भाच्याच्या खोलीत जाऊन बसलो. तो पुण्यातल्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. दोनच दिवसांपूर्वी, १ नोव्हेंबर २०२४ ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी 'द क्युअर' या जुन्या इंग्लिश रॉक बँडचा नवा अल्बम आला होता आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि पहिलं गाणं सुरू केलं, 'अलोन'. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला त्याने एक कान मोकळा केला. "मामा, हे इन्स्ट्रुमेंटल आहे का?"

नव्हतं. बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याचा आवाज यायचा होता, तो तीन मिनिटं उलटून गेल्यावर येतो. तोवर संथ ड्रम, घुमणारा बेस आणि धुक्यासारखा पसरत जाणारा कीबोर्ड, एवढंच. भाच्याने ऐकलं सगळं, आवडलंही त्याला. मग म्हणाला, "आमची इंट्रो आता आठ सेकंदांची असते. त्याच्यावर गेली की लोक पुढे ढकलतात." इंट्रो म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाआधीचा नुसत्या वाद्यांचा तुकडा. त्या आठ सेकंदांमागे त्याचं गणित होतं. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. त्या हिशेबाने स्मिथने तोंड उघडेपर्यंत सहा गाणी मोजून झाली असती.

त्या अल्बमचं तेव्हा जगभर कौतुक चाललं होतं आणि प्रत्येक कौतुकात एक वाक्य हटकून असायचं: सोळा वर्षं थांबले, पण चीज झालं. आधीचा अल्बम २००८ चा, हा २०२४ चा. 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' ब्रिटनच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला, पहिल्या आठवड्यात पन्नास हजारांवर खपला. १९९२ नंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, या बँडला तो नंबर मिळाला. कौतुक रास्त आहे, माझंही त्यात आहे. पण 'संयमाचं फळ' ही त्या अल्बमची गोष्ट नव्हे. ही सोळा वर्षं त्यांना परवडली कशी, आणि आज विशीतल्या पोरांना त्यातली दोन तरी परवडतील का, हा खरा प्रश्न आहे. तो आता फक्त रॉकवाल्यांपुरता राहिलेला नाही, म्हणून हा लेख.

आधी हे बघू की त्या सोळा वर्षांत झालं काय.

बँड काही झोपला नव्हता. दौरे चालूच होते, जुनी गाणी तासन्‌तास वाजत होती. नवं मात्र निघत नव्हतं. २०१८ च्या जूनमध्ये लंडनच्या मेल्टडाउन महोत्सवासाठी कलाकार निवडायचं काम स्मिथकडे आलं. त्यासाठी तो नव्या बँड्सना ऐकत सुटला, आणि त्या ऐकण्यातूनच पुन्हा लिहावंसं वाटलं, असं त्याने पुढे सांगितलं. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा याकडे येणार आहे. साठीला टेकलेल्या माणसाला नवं लिहायला लावलं ते पोराटोरांच्या बँड्सनी.

२०१९ मध्ये मंडळी वेल्समध्ये मॉन्मथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत गेली. ही जागा मुळात दुभत्या जनावरांचं फार्म. वॉर्ड नावाच्या दोन भावांना गाई पिळण्यापेक्षा गाण्यात रस जास्त, म्हणून त्यांनी साठच्या दशकात गोठ्याकोठारांचा स्टुडिओ केला. राहायचं-खायचं तिथेच, रेकॉर्डिंग तिथेच. स्मिथने जाहीर करून टाकलं, अल्बम याच वर्षी येतोय. आला नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढेही नाही. चाहत्यांमध्ये त्याचा विनोद झाला.

मधल्या काळात स्मिथचे आई-वडील गेले, मोठा भाऊ रिचर्ड गेला. भावावरचं गाणं, 'आय कॅन नेव्हर से गुडबाय', ऑक्टोबर २०२२ मध्ये पोलंडमधल्या क्राकूव्हला पहिल्यांदा लोकांसमोर वाजलं. कारण अल्बम तयार नसताना बँड नवी गाणी घेऊन दौऱ्यावर निघाला होता. पहिला कार्यक्रम लॅटव्हियात, रीगाला. सुरुवात 'अलोन'ने आणि मुख्य भागाचा शेवट 'एंडसाँग'ने. कुणीही न ऐकलेल्या गाण्याने कार्यक्रम उघडायचा, तेही तीन मिनिटं कुणी गात नसताना! आपल्याकडे नाटकवाले म्हणतात ना, नाटक तालमीत बसतं पण घडतं प्रयोगागणिक, तसाच हा प्रकार. वर्षभराहून अधिक काळ ती गाणी युरोप, अमेरिका, दक्षिण अमेरिकेतल्या लोकांपुढे वाजत राहिली आणि मुरत गेली. हाताशी गाणी बरीच होती, त्यातली आठ ठेवली. आठ गाणी, ४९ मिनिटं. शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांच्या वर, आणि त्यात आवाज येतो सहा मिनिटांनंतर. २०१९ च्या जुलैत, माणूस चंद्रावर उतरल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, स्मिथ रात्री बाहेर उभा राहून चंद्राकडे बघत होता. दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर असाच बघितला होता तो चंद्र. गाणं त्यातून आलं. आता सहा मिनिटं नुसतं वाद्यं का वाजतात ते मला समजावून सांगता येणार नाही. रात्री दिवे घालवून एकदा ऐका, चंद्र दिसेल तिथून.

आता यावर कुणी म्हणेल, बघा, वेळ दिला की कला होते. तर तसंही नाही. 'गन्स अँड रोझेस'ने चौदा-पंधरा वर्षं घालवून २००८ मध्ये जो अल्बम काढला, तो खर्चासाठीच जास्त लक्षात राहिला. नुसता वेळ म्हणजे कधीकधी नुसती चालढकल असते आणि स्मिथच्या सोळा वर्षांतही तिचा वाटा होता, हे मान्य करायला हवं. उलट बाजूही बघा. हाच बँड तरुण होता तेव्हा १९७९, ८०, ८१, ८२ अशा ओळीने चार वर्षांत चार अल्बम काढून मोकळा झाला होता. त्यातला चौथा आजही अंगावर येतो. तेव्हा घाई ही काही कलेची शत्रू नव्हे. विशीत माणसाला घाई असतेच, असावीही. मुद्दा घड्याळ कुणाच्या हातात आहे हा आहे.

'द क्युअर'च्या हातात घड्याळ आलं त्याची सुरुवात एका बिनसलेल्या करारापासून होते. १९७७ मध्ये लंडनजवळच्या क्रॉली गावातल्या या पोरांनी हान्सा नावाच्या जर्मन कंपनीची स्पर्धा जिंकली आणि करार मिळवला. कंपनीला त्यांची गाणी नको होती, दुसऱ्यांची गाणी यांच्याकडून गाऊन घ्यायची होती. पोरं अडून बसली. १९७८ मध्ये करार मोडला, पण आपल्या गाण्यांचे हक्क त्यांनी सोडले नाहीत. मग ख्रिस पॅरी या माणसाने त्यांना फिक्शन या आपल्या नव्या रेकॉर्ड कंपनीत घेतलं. सुरुवातीचे अल्बम बेताचेच खपले, तरी पुढचा काढायला मिळाला. त्याच्यानंतरचाही मिळाला. १९८९ मध्ये 'डिसइंटिग्रेशन' आला तेव्हा अमेरिकेतल्या कंपनीला वाटलं, हा धंद्याचा आत्मघात आहे, इतकं लांबट आणि उदास कोण ऐकणार. त्याच अल्बममधलं 'लव्हसाँग' अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर गेलं आणि अल्बम लाखोंनी खपला. म्हणजे दहा वर्षं, आठ अल्बम एवढा अवधी त्यांना मिळाला, तेव्हा कुठे ती वेळ आली. पुढची सोळा वर्षं थांबण्याची चैन या दहा वर्षांच्या कमाईवर झाली. पेन्शन म्हणा हवं तर.

आणि घड्याळ हातात असलं की माणूस ते कसं वापरतो, तेही बघण्यासारखं आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याची तिकिटं निघाली. मागणी वाढेल तसे भाव चढवायचे, ही तिकडची रूढ पद्धत बँडने नाकारली. काही ठिकाणी २० डॉलरला तिकीट ठेवलं. मग एका पावतीचं चित्र सगळीकडे फिरलं: २० डॉलरची ४ तिकिटं, म्हणजे ८० डॉलर, आणि त्यावर सेवाशुल्क, जागाशुल्क, प्रक्रियाशुल्क मिळून ९२ डॉलर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! स्मिथ ट्विटरवर, सगळी अक्षरं मोठी करून, तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीवर तुटून पडला. शेवटी कंपनीने सर्वांत स्वस्त तिकिटं घेणाऱ्यांना १० डॉलर आणि बाकीच्यांना ५ डॉलर परत केले. रक्कम किरकोळ, पण परत करायला लागली हे महत्त्वाचं. त्या दौऱ्यात साडेपाच लाखांच्या आसपास तिकिटं खपली आणि तोवरच्या त्यांच्या अमेरिकी दौऱ्यांत सर्वांत जास्त कमाई झाली. स्वस्त ठेवूनही.

हे सगळं एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला डॅनियल एक (Ek) काय म्हणाला ते ठेवा. स्पॉटिफायच्या या संस्थापकाने जुलै २०२० मध्ये एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की, तीन-चार वर्षांनी एकदा संगीत रेकॉर्ड करायचं आणि तेवढ्याने भागेल असं समजायचं, हे दिवस गेले. श्रोत्यांशी सतत संपर्क ठेवावा लागेल. त्याला शिव्या खूप पडल्या, पण माणूस खोटं बोलला नव्हता. आपल्या दुकानाचा नियम सांगत होता. मराठीत त्याला एक चपखल शब्द आहे, रतीब. रोज सकाळी दारात दूध आलंच पाहिजे. एक दिवस खाडा झाला की गिऱ्हाईक दुसऱ्या गवळ्याकडे. वॉर्ड बंधूंनी गोठ्याचा स्टुडिओ केला होता, आता जगभरातल्या स्टुडिओंचा गोठा होतो आहे.

भाच्याचा बँड दर पाच-सहा आठवड्यांनी एक गाणं टाकतो. शुक्रवारी, नवी गाणी येण्याच्या ठरलेल्या दिवशी. त्याआधी पंधरा दिवस रील्स. प्रॅक्टिस रूमचं भाडं तासावर, त्यामुळे तालमीत घड्याळ समोर ठेवलेलं असतं. चौघांपैकी तिघे नोकरी करतात. मी विचारलं, गाण्याचे किती मिळतात? त्याने फोनवर आकडे दाखवले. सहा गाण्यांपैकी दोनच गाणी अशी होती, ज्यांना वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं होतं. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही. तिथलं सुटं गोळा होऊन वरच्यांच्या ताटात जातं. चार गाण्यांचा हिशेब शून्य. "शून्य म्हणजे अगदी शून्य?" मी मूर्खासारखं विचारलं. तो हसला. हजारवेळा ऐकली असती तरी वडापावचे आले असते, त्याला त्याचं दुःख नव्हतं. दुःख याचं होतं की पाचवं गाणं त्यांना अजून नीट वाजवता येत नव्हतं, तेव्हाच ते टाकावं लागलं. तालमीत आता ते कितीतरी बरं वाजतं. पण ते जुनं झालं.

जुनं झालं म्हणजे दोन महिन्यांचं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: बाजार आहे, लोकांना हवं ते चालतं, तुमच्या भाच्याला गिटार घ्यायला कुणी सांगितलं होतं? कलेचा शौक स्वतःच्या खिशातून करावा. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मी ते टाळणार नाही. प्रत्येक बँडला दहा वर्षं पोसायचं ठरवलं तर खजिनाही पुरणार नाही आणि श्रोत्यांचे कानही. बहुतेक बँड्स वाईटच असतात. १९७८ मध्येही होते. क्रॉलीच्या त्या पोरांसारखी शेकडो पोरं तेव्हा इंग्लंडात होती, त्यातली कितीक आज कुणाला आठवतही नाहीत.

पण बाजार म्हणजे काही पावसासारखा आभाळातून पडत नाही. ३० सेकंद, हजार वेळा, शुक्रवार, हे सगळे नियम कुणीतरी बसून केलेले आहेत. जिथे नियम माणसं करतात तिथे ते कुणाच्या सोयीचे आहेत हे विचारायचा हक्क सगळ्यांना असतो. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क लिहून देऊन टाकता येणार नाही अशी तरतूद आली, तेव्हाही बाजार बुडेल असं ऐकू आलं होतं. गाणी काही बंद पडली नाहीत.

आणि सरकारी पैशातून कला होत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा मागे बघावं. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या सरकारने बेकारांनी धंदा काढावा म्हणून आठवड्याला ४० पौंडांची योजना काढली. हेतू होता बेकारीचा आकडा खाली आणायचा. तिचा फायदा घेणाऱ्यांत ॲलन मॅगी होता, ज्याच्या क्रिएशन रेकॉर्ड्समधून पुढे ब्रिटिश पर्यायी रॉकची निम्मी वंशावळ निघाली. आयर्लंडने २०२२ मध्ये हाच प्रयोग उघड हेतूने केला: २,००० कलाकारांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो, बदल्यात काय निर्माण केलं याची अट नाही. अट नाही, हेच त्यातलं मर्म. दिलेली गोष्ट म्हणजे वेळ. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेचं बघा. बक्षिसाची रक्कम काय आणि खर्च काय, हे प्रत्येक हौशी नाटकवाल्याला ठाऊक आहे. पण तारीख मिळते, रंगमंच मिळतो, परीक्षक का होईना पण कुणीतरी समोर बसून पूर्ण नाटक बघतं. मराठी रंगभूमीवरची किती नावं त्या दारातून आत आली ते सांगायला नको. तिथे दहा मिनिटांचा संथ प्रवेश लिहिला तर कुणी पुढे ढकलत नाही.

मला स्वतःला सर्वांत पटणारा मार्ग मात्र सरकारी तिजोरीचा नाही, मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांचा आहे. ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात संगीताच्या १२५ छोट्या जागा बंद पडल्या किंवा तिथलं संगीत थांबलं, असं म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेने मोजलं. पबच्या मागची खोली, दोनशे माणसांचा हॉल, अशा जागा. 'द क्युअर' अशाच जागेत उभा राहिला. नव्या अल्बमची पहिली कुणकुण लागली तीही क्रॉलीतल्या त्यांच्या जुन्या पबवर लावलेल्या पोस्टरमधून, रोमन आकड्यांत तारीख लिहिलेली. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सुचवलं की स्टेडियम आणि मोठ्या एरिनांच्या तिकिटांतून थोडी रक्कम छोट्या जागांसाठी काढा. सरकारने मान डोलावली, पण ऐच्छिक म्हणून. तिकिटामागे एक पौंड, अशी बोली सुरू झाली. 'कोल्डप्ले'ने २०२५ च्या आपल्या तिकडच्या कार्यक्रमांच्या कमाईतला दहा टक्के वाटा या कामाला दिला.

तोच 'कोल्डप्ले' त्याच वर्षी जानेवारीत नवी मुंबईत होता. डी. वाय. पाटील स्टेडियम, तीन रात्री. तिकिटांच्या वेळी मीही ऑनलाइन रांगेत होतो. माझ्यापुढे लाखांत माणसं, दुपारचं जेवण फोन हातात धरून झालं, नंबर हलत हलत हजारांत आला आणि पान पांढरं पडलं. संध्याकाळी तीच तिकिटं दुसरीकडे कित्येक पटींनी दिसत होती. काळ्याबाजाराची चौकशी वगैरे बातम्या पुष्कळ आल्या. पण त्या तीन रात्रींतल्या एकेका तिकिटामागे दहा रुपये मुंबई-पुण्यातल्या छोट्या जागांसाठी बाजूला काढावेत, असा प्रश्न निदान मला तरी कुठे दिसला नाही. हजारो रुपये मोजणाऱ्याला दहा रुपये जड नाहीत. काळ्याबाजारवाल्याला तर अजिबातच नाहीत.

यात उपकाराची भाषा मला नको आहे. मेल्टडाउनचं मी मघाशी म्हणालो ते यासाठीच. स्मिथ नव्या पोरांना ऐकून लिहिता झाला. जुन्या बँडचा हा शेवटचा बहर नव्यांच्या मुळांतून पाणी घेऊन आलेला आहे, आणि ती मुळं छोट्या जागांत असतात. स्मिथने सांगून टाकलंय की सत्तरी गाठली, म्हणजे २०२९ उजाडलं, की आपण थांबणार. त्याच्या जागी उभं राहायला ज्याची दहा वर्षं आज चालू असायला हवीत, तो आत्ता कुठेतरी इंट्रो कापत बसला आहे. २०४५ साली स्टेडियमवाले कुणाची तिकिटं विकणार, हा निव्वळ धंद्याचा प्रश्न म्हणून तरी त्यांनी विचारात घ्यावा.

मुंबईचंच घ्या. 'रॉक मशीन' हा बँड १९८४ ला सुरू झाला, पुढे 'इंडस क्रीड' झाला, १९९५ मध्ये अल्बम काढला आणि मग फुटला. परत एकत्र येऊन पुढचा अल्बम काढला तो २०१२ मध्ये. सतरा वर्षं, म्हणजे 'द क्युअर'पेक्षा एक जास्तच. पण त्या सतरा वर्षांना कुणी संयम म्हटलं नाही. मधली बरीच वर्षं बँडच नव्हता.

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर दोन फायली पाठवल्या. गाणं एकच. एकात आठ सेकंदांची इंट्रो, दुसऱ्यात जवळजवळ दोन मिनिटांची, आणि त्या दोन मिनिटांत त्याचा बेस एकटाच हळूहळू वर चढत जातो. खाली लिहिलं होतं, "मामा, कुठलं टाकू?"

मी ताबडतोब लिहिलं, मोठं.

उत्तर आलं, "प्रॅक्टिस रूमचं भाडं तू भरणार का?"

एका महिन्याचं भरलं मी. शुक्रवारी आठ सेकंदांचं आलं.